गोधडीच्या पदरांतला इतिहास

दरवर्षी महाविद्यालयात नवी मुले आली की मी त्यांना एक प्रश्न घालतो. तुमच्या घरात जुन्यात जुनी वस्तू कोणती? मुले बहुतेक खेड्यांतून आलेली असतात. कोणी आजोबांच्या पितळी डब्याचे नाव घेतो, कोणी निजामाच्या शिक्क्याचा रुपया सांगतो, एखादा माळवदावर पडलेली गंजकी तलवार काढतो. घरातल्या जुन्या गोधडीचे नाव मात्र आजवर एकाही विद्यार्थ्याने घेतलेले नाही. यात मुलांचा दोष नाही. आम्ही अध्यापक मंडळी त्यांच्या हाती जी पुस्तके देतो, त्यांत कापडाचा इतिहास म्हणजे पैठणी, हिमरू, किनखाब आणि ढाक्याची मलमल. जे कापड राजाने नेसले-पांघरले ते इतिहासात गेले आणि बाकीच्यांनी पांघरले त्या चिंध्या ठरल्या.

आज मला त्या चिंध्यांविषयीच बोलायचे आहे.

आपल्या मराठवाड्यात हिला वाकळ म्हणतात, गोधडीही म्हणतात. लहान मुलाची असेल तर दुपटे. आत कापूस भरला तर ती गादीच्या जातीची, तिला रजई किंवा दुलई म्हणायचे. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत वाकळ आणि गोधडी हे दोन्ही शब्द आहेत. पण शब्दापेक्षा वस्तू कशी बनते हे पाहणे अधिक बोधाचे आहे. कापूस भरायचा नाही, कापडावर कापडच ठेवायचे. जमीन सारवून घ्यायची, खाली एक धड लुगडे अंथरायचे, त्याच्या चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या असे जे हाताला लागेल ते वजन ठेवायचे. मग त्यावर फाटके धोतर, सदऱ्याच्या पाठी, परकराचे तुकडे असे पदर लावत जायचे आणि वरून पुन्हा एक बऱ्यापैकी लुगडे. कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करून चौकोनात चौकोन असे आत आत यायचे. शेतात नांगर कडेने घालून मध्याकडे आणतात, तसाच हा प्रकार. नांगरणाऱ्याला आणि शिवणारीला ही तऱ्हा एकमेकांपासून मिळाली असे काही मी म्हणणार नाही. पण घडी न विस्कटता मोठा पृष्ठभाग पुरा करायचा, तर कडेकडून मध्याकडे येणे सोयीचे पडते, एवढे खरे.

आता त्या लुगड्याचे आयुष्य बघा. नऊवारी लुगडे सणाला घेतलेले. ते दोन-तीन वर्षे चांगले नेसायचे, मग कामाला नेसायचे. मध्ये विरले की तेवढा भाग कापून दोन्ही टोके जोडायची. याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडेही फाटले की त्यातून मुलीचा परकर, तान्ह्याचे झबले, कुंची. जुने सुती कापड मऊ होते, म्हणून तान्ह्या पोराला नवे कापड न घालता जुन्याचेच दुपटे करायचे. यात गरिबी होती आणि शहाणपणही होते. त्यानंतर उरेल ते गोधडीत. गोधडी झिजली की तिचे पायपुसणे, त्यातून सारवणाचे पोतेरे आणि शेवटी तेलात भिजवलेला काकडा किंवा दिव्याची वात. एका लुगड्याने घरातल्या तीन पिढ्या पाहिल्या आणि देवापुढे जळून ते संपले. अशा वस्तूचा पुरावा मागे राहणार कसा? वस्त्राच्या इतिहासातली मोठी अडचण ही आहे. जे राजवाड्यात पेटीत पडून राहिले तेच टिकले. जे वापरले गेले ते वापरातच संपले.

आपल्या हवेतही कापड टिकत नाही. पावसाळा, वाळवी, बुरशी ही तिन्ही कापसाची शत्रू. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले कापडाचे कण सापडले. चांदीच्या क्षारांनी ते कुजू दिले नव्हते. मुंबईत माटुंग्याला कापसाची एक प्रयोगशाळा १९२४ साली निघाली होती. तेथील गुलाटी आणि टर्नर या संशोधकांनी ते कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि हा कापूसच आहे असा निर्वाळा १९२८ मध्ये दिला. जगाच्या पाठीवर कापूस केव्हापासून कातला जातो याची चर्चा त्या चिमूटभर कणांवर कित्येक वर्षे चालली. त्याच गुलाटींच्या हाती पुढे आपल्या जवळची एक वस्तू आली. नेवाशाला प्रवरेच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथे पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. त्या मण्यांच्या भोकांत अडकून दोरा राहिला होता. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो दोरा कापूस आणि रेशीम यांचा आहे, असे गुलाटींनी १९६१ साली लिहिले. त्या मुलाच्या आईने तो दोरा ओवला असेल. तांब्याच्या गंजाने त्याला वाचवले. तिने त्या पोराला जे पांघरून घातले असेल, त्याचा मात्र धागाही उरला नाही.

मग ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकात येऊ. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची एक वाटाडी लिहून ठेवली आहे. तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात पैठण आहे आणि तगरही आहे. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा त्याचा हिशेब. तेथून गाड्या भरून, वाट नसलेल्या मुलखातून, माल भडोच बंदरात उतरतो असे तो सांगतो. कोणता माल? पैठणचे अकीकासारखे दगड, आणि तगरचे पुष्कळसे साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे आणि जांभळट रंगाचे एक कापड. मला यातला 'साधे कापड' हा शब्द फार मोलाचा वाटतो. तलम कापडाचे कौतुक सगळेच करतात. पण गाड्याच्या गाड्या भरून जात होते ते जाडेभरडे कापड, म्हणजे तेव्हाही आपल्या भागातला विणकर सामान्य माणसासाठी विणत होता आणि उरलेले परमुलखात धाडत होता.

ते तिकडे जाऊन कसे दिसत असेल याची कल्पना पुढच्या काळातल्या पुराव्यावरून करता येते. कैरो शहराजवळ फुस्तात नावाचे जुने नगर होते. तेथल्या उकिरड्यांच्या कोरड्या वाळूत भारतीय सुती कापडाचे शेकडो तुकडे सापडले. त्यांतले पुष्कळसे गुजरातेत छापलेले. पफिस्टर नावाच्या विद्वानाने १९३८ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यातल्या कित्येक तुकड्यांवर शिवण आहे, जोड आहे, ठिगळ आहे. म्हणजे तिकडच्या बायकाही आपल्यासारख्याच कापड पुरवून पुरवून वापरत होत्या. आपल्या इतिहासाचा एवढा पुरावा परदेशच्या उकिरड्यावर मिळावा आणि इथे मिळू नये, हा केवळ पावसाचा खेळ आहे.

ठिगळांना आपल्याकडे एके काळी मोठा मान होता, हेही सांगायला हवे. बौद्ध भिक्षूंनी टाकून दिलेल्या चिंध्या जोडून चीवर करावे असा नियम होता. विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. मगध देशातली बांधाबांधांची शेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले की भिक्षूंची वस्त्रे अशी शिवता येतील का? आनंदाने त्याप्रमाणे तुकडे जोडून चीवर केले. शेताचा नकाशा अंगावर घ्यायची ही कल्पना तुम्हा शेतकरी मंडळींना आवडावी. पुढे नाथपंथी जोगी आले, त्यांची कंथा आली. कंथा म्हणजे गोधडीच. आपल्या डोळ्यांपुढचे उदाहरण घ्यायचे तर गाडगे महाराज, १८७६ ते १९५६. त्यांच्या अंगावरचा ठिगळांचा अंगरखा महाराष्ट्राने पाहिलेला आहे.

आणि आपल्या परभणी जिल्ह्याला तर या बाबतीत विशेष अधिकार आहे. संत जनाबाई गंगाखेडची. वारकरी परंपरेत एक कथा सांगतात. विठ्ठल रात्री जनीच्या घरी आला, तिच्याशी बोलत बसला, तिथेच झोपला. पहाटे काकड्याची वेळ झाली तसा घाईघाईने उठला आणि आपला शेला व पदक तिथेच विसरून जनीची वाकळ पांघरून देवळात गेला. पुजाऱ्यांनी पाहिले तर देवाचे दागिने नाहीत आणि अंगावर फाटकी वाकळ. चोरीचा आळ जनीवर आला, तिला सुळावर द्यायला नेले आणि सुळाचे पाणी झाले. भाविकांनी या कथेत देवाची कृपा पाहावी. मी इतिहासाचा माणूस, मला आणखीही एक गोष्ट दिसते. पुजाऱ्यांनी ती वाकळ पाहताक्षणी ओळखली की ही जनीची! म्हणजे वाकळ तिच्या धनिणीच्या नावाने ओळखू येत होती. दोन वाकळी कधी सारख्या नसतात. जिच्या घरातली लुगडी, जिचा टाका, तिची वाकळ. कथा रचणाऱ्या समाजाला हे माहीत होते, म्हणूनच ती कथा पटली.

आता जरा अलीकडे येऊ. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाच्या पहिल्या गिरणीची स्थापना केली; दोन वर्षांनी ती चालू झाली. पण मुंबईची गिरणी आणि झरीचे शेत यांची गाठ पडायला आगगाडी यावी लागली. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या आगेमागे पुरा झाला आणि परभणी, सेलू, जालना ही गावे रुळावर आली. सरकी काढण्याचे आणि गठाणी दाबण्याचे कारखाने स्टेशनाजवळ उभे राहिले. मराठवाड्याचा गावरान कापूस गठाणीत बांधून मुंबईकडे जाऊ लागला आणि त्याच गाडीने गिरणीचे धोतर, मांजरपाट आणि छापील चीट परत येऊ लागली. जे सूत पूर्वी घरात कातले जाई, गावात विणले जाई, त्याची वाट शेकडो कोसांची झाली. याचा फायदा झाला नाही असे नव्हे. कापड स्वस्त झाले. ज्या घरात दोन धोतरांवर वर्ष निघत होते, तिथे तीन आली. आणि कापड स्वस्त झाले तशी गोधडीही जाड झाली असली पाहिजे, कारण टाकाऊ कापड वाढल्याखेरीज गोधडी वाढत नाही. यात विणकर आणि साळी-कोष्टी कुटुंबांचे काय झाले ते वेगळे सांगायला नको.

रंगांचीही अशीच गोष्ट आहे. आपल्याकडे तांबडा रंग आलीच्या मुळांपासून काढीत. त्या रंगाच्या जाड कापडाला खारवा म्हणत. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना तेच कापड लावत. निळा रंग निळीच्या झाडाचा. १८५६ साली पर्किन या इंग्रज तरुणाने पहिला कृत्रिम रंग शोधला, १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तांबडा रंग प्रयोगशाळेत केला आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. थोड्याच वर्षांत आलीची शेते मोडली. तेव्हा जुन्या गोधडीच्या पोटात एखादा तांबडा तुकडा निघाला तर तो आलीचा की कारखान्याचा, यावरून त्या तुकड्याच्या काळाचा अंदाज बांधता येतो. नुसत्या डोळ्यांनी मात्र ते ठरवू नये. रसायनशाळेतच ते कळते.

हे सर्व पुस्तकातून वाचलेले. पण दोन हिवाळ्यांपूर्वी मी परभणीहून जिंतूरच्या वाटेवरच्या झरी गावी एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. ओसरीत त्याच्या आजीने वाकळ उन्हात टाकली होती. चांगली बोजड वाकळ. एका माणसाला घडी करून उचलवेना. एका कोपऱ्याची शिवण उसवलेली होती. मी खाली बसून तो कोपरा उलगडून पाहू लागलो, तशा आजी म्हणाल्या, "काय बगता लेकरा, चिंध्या हायत त्या." पण मी एकेक पदर बोटाने वेगळा करू लागलो आणि आजी सांगू लागल्या. सगळ्यांत वर फुलाफुलांची, न विटलेली, कृत्रिम धाग्याची साडी. ही सुनेची. तिच्याखाली खाकी अर्ध्या चड्डीचा तुकडा, शाळेचा. त्याखाली टेरिकॉटच्या सदऱ्याची बाही. "ह्यो तुज्या चुलत्याच्या लग्नातला," असे त्या नातवाला म्हणाल्या. मग एक छापील सुती लुगडे. त्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जे पैसे मिळाले, त्यातून ते घेतलेले. त्याच्याही आत पांढरे धोतर, विरून जाळी झालेले, सासऱ्यांचे. आणि अगदी पोटात निळ्या चौकड्यांचे हातमागाचे जाड लुगडे, तांबड्या काठाचे, मधोमध दंड घातलेले. ते आजींच्या सासूबाईंचे. त्या सासूबाईंचे नाव मी विचारले. आजींनी तोंडाला पदर लावला, हसल्या आणि नातवाकडून सांगवले.

मंडळी, उत्खनन करणारा पुरातत्त्वज्ञ जमिनीचे थर मोजतो. वरचा थर नवा, खालचा जुना. इथे एका ओसरीवर शंभर-सव्वाशे वर्षांचे थर पडले होते: हातमाग, गिरणी, दुष्काळाचे सरकारी काम, टेरिकॉट, शाळेचा गणवेश, आणि सुरतेहून येणारी साडी. गोधडी झिजली की तिला दोन्ही अंगांनी नवे कापड लावतात, त्यामुळे जुने ते मध्ये राहते. परंतु येथे घाई करू नये. जमिनीत खालचा थर नेहमी जुना असतो. गोधडीत तसे नसते. एखाद्या म्हातारीने जपून ठेवलेले जुने लुगडे सर्वांत शेवटी वर लागलेले असू शकते. शिवाय कापड विणले केव्हा आणि गोधडीत घातले केव्हा यांत वीस-पंचवीस वर्षे सहज जातात. म्हणून कापड आणि माणूस दोघांची साक्ष घ्यावी लागते. आजी सांगत नसत्या तर मला ते छापील लुगडे म्हणजे गिरणीचे एक कापड एवढेच कळले असते. बाहत्तर साल कळले नसते.

आता प्रश्न असा, की हे काम कोणी करायचे? वस्त्रांवर लिहिणारे विद्वान आपल्याकडे कमी झाले नाहीत. मुंबईच्या संग्रहालयाचे डॉक्टर मोतीचंद्र यांनी प्राचीन भारतीय वेषभूषेवर १९५० साली हिंदीत ग्रंथ लिहिला. अजिंठ्याच्या चित्रांतली वस्त्रे त्यांनी बारकाईने पाहिली. आपल्या घुर्ये सरांचे भारतीय पोशाखावरचे इंग्रजी पुस्तक १९५१ चे. अमदाबादेत साराभाई कुटुंबाने १९४९ साली कॅलिको वस्त्रसंग्रहालय काढले आणि तेथून वस्त्रांच्या इतिहासाला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक १९५५ पासून काही वर्षे निघाले. ही सर्व मोठी कामे. परंतु ती चित्रांवरून, शिल्पांवरून, ग्रंथांवरून आणि श्रीमंतांच्या पेट्यांतल्या कापडावरून झालेली. गोधडीला या मांडवात जागा नव्हती.

ती जागा करून देण्याचे काम एका शिवणाऱ्या बाईने केले. मुंबईच्या गीता खंडेलवाल या स्वतः गोधडीच्या कामातल्या. हाताने शिवणे हाच त्यांचा व्यासंग. त्यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांचा मागोवा घेतला आणि त्यांवर इंग्रजीत एक सचित्र ग्रंथ लिहिला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तो छापला फ्रान्समध्ये, तिथल्या क्विल्टमेनिया नावाच्या, गोधडीकामाचीच पुस्तके काढणाऱ्या संस्थेने. महाराष्ट्राच्या वाकळीवरचा ग्रंथ फ्रान्समध्ये निघावा आणि मराठीत तसा विद्यापीठीय ग्रंथ चटकन हाताशी येऊ नये, याची मला अध्यापक म्हणून थोडी लाज वाटते.

पण लाजेपेक्षा अधिक महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. ज्याच्या हातात सुई आहे त्याला गोधडीत जे दिसते ते आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला दिसत नाही. आम्ही वरची बाजू पाहतो, रंग पाहतो, नक्षी म्हणतो आणि पुढे जातो. शिवणारी बाई गोधडी आधी उलटी करते. गाठ कुठे मारली, दोरा कुठे संपला आणि नवा कुठे घेतला हे तिला उलट्या बाजूला कळते. एका अंगाचा टाका बारीक आणि दुसऱ्या अंगाचा लांब असेल, तर दोघी समोरासमोर बसून शिवत होत्या. टाका एका कोपऱ्यापासून अचानक सैल झाला, तर हात बदलला. बहुधा सासूचे काम सुनेने पुरे केले, किंवा डोळे अधू झाले. कोपऱ्यावर तिप्पट टाके आहेत, म्हणजे तिथे ओढून उचलताना फाटत होते, हे तिला ठाऊक होते. कोणते कापड सुईला सुखाने जाऊ देते आणि कोणते बोट फोडते, हे शब्दांत लिहिलेले नसते. आमच्या शास्त्रात याला साधनचिकित्सा म्हणतात. ती करायला मोडी लिपी यावी लागते, फारसी यावी लागते, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. गोधडीची लिपी वाचायला टाका यावा लागतो, हेही आता आम्ही सांगायला हवे.

असे काम दुसरीकडेही झाले आहे. बंगालमध्ये गुरुसदय दत्त नावाचे आय. सी. एस. अधिकारी होते, १८८२ ते १९४१. खेड्यापाड्यांत फिरताना त्यांनी बायकांनी शिवलेल्या कांथा गोळा केल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय कलकत्त्याजवळ उभे राहिले. १९३९ साली स्टेला क्रॅमरिश या विदुषीने कांथेवर निबंध लिहिला आणि जी वस्तू बाळंतिणीच्या खोलीत होती ती कलेच्या चर्चेत आली. दत्तांच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या बाईची एक कांथा आहे. तिने ती वडिलांसाठी शिवली आणि तीवर सुईदोऱ्याने आपले नाव घातले. आपल्या वाकळीवर सहसा नाव नसते. कधी बाळाचे असते, शिवणारीचे नसते.

आणि दूर अमेरिकेतले एक उदाहरण कापूस पिकवणाऱ्या श्रोत्यांनी ऐकण्याजोगे आहे. अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. पुढे त्या खंडाने कापूस करू लागल्या. शेतात वापरून झिजलेल्या पाटलोणी, सदरे आणि पोती जोडून त्या थंडीसाठी गोधड्या शिवत. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी गोधडी विकण्याची एक सहकारी मंडळी काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, ते पुढे न्यूयॉर्कला गेले आणि चित्रकारांची कामे जिथे टांगतात त्या भिंतीवर या गोधड्या टांगल्या गेल्या. २००६ साली अमेरिकन टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. कापूस पिकवणारीच्या अंगावर शेवटी कापसाच्या चिंध्याच आल्या, ही गोष्ट तिकडे आणि इकडे सारखीच. फरक एवढाच, की तिकडे कोणीतरी प्रत्येकीचे नाव लिहून घेतले.

आपल्याकडे मात्र वेळ थोडा उरला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला; अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर त्या गिरण्या पूर्वीसारख्या कधी चालल्याच नाहीत. त्याच दशकात कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त झाले. ते धुवायला सोपे, वाळायला झटपट, टिकायला मजबूत. खेड्यातल्या बाईने ते घेतले यात तिचे काही चुकले नाही. पण ते घाम टिपत नाही, जुने झाले तरी मऊ पडत नाही आणि सुई त्यावरून घसरते. त्याची गोधडी होते, पण ती ऊब देत नाही, असे कोणतीही म्हातारी सांगेल. आणि ऊब हवीच असेल तर आठवडी बाजारात पानिपतचे ब्लँकेट मिळते. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आठवते. आता आपल्या बाजारावर पानिपतचीच चाल आहे. तिथे परदेशातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या पुन्हा चिंध्या करून, त्यांचे सूत काढून पांघरुणे विणण्याचा धंदा वाढला. म्हणजे गोरगरिबांनी दुसऱ्या देशाच्या चिंध्या पांघरायच्या आणि घरच्या चिंध्या उकिरड्यावर टाकायच्या! कापसाचेही तसेच. नांदेडच्या संशोधन केंद्रातला एनएचएच ४४ हा संकरित वाण एके काळी शेतोशेत होता. २००२ नंतर बीटी बियाणे आले आणि गावरान कापूस बांधावरही दिसेनासा झाला. सासूबाईंच्या त्या निळ्या चौकड्यांच्या लुगड्यात कोणता कापूस होता, हे आता त्या लुगड्यालाच विचारावे लागेल.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक सुचवतो. याला पैसा लागत नाही, परवानगी लागते ती फक्त घरच्या बाईची. सातवी-आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या घरची एक जुनी गोधडी पाहायला सांगा. एक कोरी वही घ्या. गोधडीची लांबी-रुंदी हाताने आणि टेपाने मोजा. पदर किती ते उसवलेल्या ठिकाणी पाहा. पाहण्यासाठी म्हणून मुद्दाम उसवू मात्र नका. एका बोटाच्या रुंदीत टाके किती ते मोजा. टाका कडेकडून आत येतो की सरळ रेघांत जातो, दोरा कोणत्या रंगाचा, कोपऱ्याला काय केले आहे, ते लिहा. मोबाईलवर उजळ उन्हात तिचे दोन्ही अंगांनी चित्र घ्या. उलटे अंग विसरू नका. मग आजीला विचारा की कोणते कापड कोणाचे, कुठून घेतले, केव्हा घेतले. साल आठवणार नाही. दुष्काळाच्या आधी की नंतर, पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर, थोरल्याच्या जन्माच्या आधी की नंतर असे विचारले की बरोबर आठवते. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. आजीची हरकत नसेल तरच नाव लिहा.

आणि नाव लिहिताना तिचे माहेरही लिहा. बाई सासरी येते तेव्हा टाका माहेरचा घेऊन येते. झरीच्या त्या आजी कोपऱ्यावर तिकोनी घडीचे छोटे ठिगळ लावतात. गावातल्या इतर घरांत मला ते दिसले नाही. विचारले तेव्हा म्हणाल्या, आमच्या माहेरी सगळ्याच लावतात. त्यांचे माहेर सेलूकडचे. पुढच्या सुट्टीत त्या गावी जाऊन यायचे मी ठरवले आहे.